शिसं तळाला जातं

गळ टाकून बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा एकच विचारतो, "लागला का काय?" पाण्यात काय काय सोडून चाललास, हे कोणी विचारत नाही. मी कोल्हापूरचा. सुट्टी मिळाली की भोगावतीच्या नाहीतर पंचगंगेच्या काठाला काठी-तंगूस घेऊन बसतो. त्यावर माझं पोट नाही, जीव मात्र आहे. तंगुसाला वजन म्हणून आपण शिशाची गोळी लावतो, त्या गोळीवर जगातल्या काही सरकारांनी बंदी घातली आहे. आपल्या देशात असा नियम नाही. तो यावा असं मला मनापासून वाटतं. या वाटण्यापर्यंत मी एकदम पोहोचलो नाही. काही गोष्टी पाहत, वाचत, ऐकत गेलो. त्याच इथे सांगतो.

१. गळाचं शिसं हरवायलाच असतं, हे मला बंधाऱ्यानं दाखवलं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे आपल्या जिल्ह्यानं अख्ख्या महाराष्ट्राला दिलेली देणगी. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की पाणी उतरतं आणि एरवी डोळ्याआड असलेला तळ उघडा पडतो. गळ टाकणारे याच बंधाऱ्यांवर बसतात, कारण मासा तिथे थांबतो. आणि गोळ्याही तिथेच अडकतात. दगडाच्या कपारीत, मुळांत, वाहून आलेल्या साडीच्या चिंधीत शिसं गुंतलं की दोन-चार हिसडे द्यायचे, नाहीतर तंगूस तोडायचा आणि नवी गोळी लावायची. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. हे असंच चालतं.

अशा उघड्या तळावर मी एकदा खाली बसून एक गुंता सोडवला. गळ गंजून हातातच तुटला. तंगूस पिवळा पडला होता. गोळी मात्र होती तशी होती. हरभऱ्याएवढी, करडी, एका बाजूला चीर, आणि त्या चिरेच्या दोन्ही ओठांवर दातांच्या स्पष्ट खुणा. कोणीतरी ती तोंडात धरून चावून बंद केलेली. आजूबाजूला पाहिलं तर तशा आणखी बऱ्याच होत्या. एका काठावर, एका उन्हाळ्यात. आपल्या जिल्ह्यात बंधारे किती आहेत, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

२. धातू काळाला जुमानत नाही, आणि याचा पुरावा आपल्या नदीकाठीच पुरलेला होता. पंचगंगेच्या घाटाला लागून ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. समुद्रदेव पोसायडनची ती छोटी प्रसिद्ध मूर्ती याच टेकडीतली. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ती ठेवलेली आहे. पण मला जास्त ओढ लागली ती इथल्या शिशाच्या नाण्यांची. विळिवायकुर नावाच्या राजाची नाणी, एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि झाड. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वीची ही नाणी. आज त्यांवरचा धनुष्यबाण ओळखू येतो, अक्षरं वाचता येतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचा आनंद होणारच, मलाही झाला. त्याच वेळी मनात आलं, की मग आपण बंधाऱ्याखाली टाकलेल्या गोळ्याही एवढीच वर्षं राहणार. लाकूड कुजतं, लोखंड गंजून मातीत जातं. शिसं पाण्यात वरवर पांढुरकं पडतं, थोडं थोडं झिजतं, आणि राहतं. नुसतं तळाशी पडून असताना ते हळूहळूच विरघळतं. खरा घात होतो तो ते कोणाच्या पोटात गेल्यावर.

३. ब्रिटनच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार भावली. तो कायदा पक्ष्याच्या घशाच्या मापानं केलेला आहे. १९८७ पासून तिथे ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची, म्हणजे एक औंसापर्यंतची, गळाची शिशाची वजनं विकायला बंदी आहे. त्याहून बारीक कण आणि त्याहून मोठे गोळे चालतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही मापं मला विचित्र वाटली. सरकारला ०.०६ ग्रॅमशी काय घेणंदेणं? मग त्यामागचं कारण कळलं.

हंस वनस्पती खातो, आणि त्याला दात नाहीत. चारा दळायला तो काठावरचे बारीक खडे गिळतो. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर पेटा मिळतो, तो घरी चिरून पाहिला असेल तर हे लगेच समजेल. जाड मांसाची भिंत, आत पिवळं कातडं, आणि गावठी कोंबडी असली तर त्यात खडे. हंसाच्याही पोटात असाच पेटा असतो. नदीच्या तळाशी खडा कोणता आणि शिशाची गोळी कोणती, हे त्याला कळत नाही. गोळी पेट्यात गेली की खड्यांबरोबर दळली जाते, पोटातल्या आम्लात विरघळते, रक्तात उतरते. स्नायू लुळे पडत जातात. हंसाची ती ताठ मान बुडाशी वाकडी होऊन मागे पाठीवर पडते. अन्न घशातच साचतं, आणि गळ्यापर्यंत भरलेला पक्षी उपाशी मरतो. या शेवटच्या वाक्यावर मी वाचताना थांबलो होतो, आजही थांबतो.

ब्रिटनमध्ये असे हंस दरवर्षी हजारोंनी मरत होते. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला, एव्हन नदीवर, हंस जवळजवळ दिसेनासे झाले. १९८१ साली तिथल्या निसर्गरक्षणाच्या सरकारी संस्थेनं अहवाल दिला. त्यानंतर काही वर्षं गळवाल्यांना विनंती करून पाहिली, आपणहून शिसं सोडा म्हणून. काहींनी सोडलं, पुष्कळांनी नाही. मग कायदा आला. त्यानंतर हंस वाढले. थेम्स नदीवर दर जुलैमध्ये हंसांची मोजणी होते, तिथेही ते दिसून आलं. सरकारी बंदी आणि तिचा परिणाम इतक्या स्वच्छपणे एकामागोमाग दिसावा, असं फार थोड्या वेळा घडतं.

४. ज्याच्या त्याच्या पाण्यावर ज्याचा त्याचा पक्षी असतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या तळ्यांवर लून नावाचा लाल डोळ्यांचा पक्षी आहे. तिथे मेलेल्या प्रौढ लूनची जी कारणं नोंदली गेली, त्यांत गळाचं शिसं सगळ्यांत वरचं निघालं. त्या राज्यानं २००० सालापासून बारीक शिशावर निर्बंध आणले. कॅनडानं त्याआधीच, १९९७ मध्ये, राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमच्या आतली शिशाची वजनं बंद केली. डेन्मार्कनं २००२ मध्ये विक्री आणि आयातच थांबवली.

आपल्याकडे हंस नाहीत, लून नाहीत. पण रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या काठावर सकाळी उभं राहिलं तर हळदीकुंकू बदकांची जोडी दिसते. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. उथळ पाण्यात ते डोकं खाली, शेपूट वर करून चिखल चाळत असतं. त्यालाही पेटा आहे, त्यालाही खडे लागतात. आणि ते चरतं ते नेमकं काठाजवळ, जिथे आपण बसतो, जिथे आपली गोळी तुटते. थंडीत वारकरी पक्ष्यांचे थवे येतात, तेही असेच पाण्यातलं गवत उपटून खाणारे. सुवासिनीच्या कपाळावरचं नाव आपल्या लोकांनी ज्या पक्ष्याला दिलं, त्याच्यासाठी एवढी काळजी घ्यायला हरकत नसावी.

५. पक्ष्यांच्या निमित्तानं मी या विषयात शिरलो आणि येऊन पोहोचलो ते माणसांच्या हातांपाशी. त्या गोळीवरच्या दातांच्या खुणा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. चीर असलेली गोळी तंगुसावर बसवायची तर पक्कड कोण शोधत बसणार? दात हाताशीच असतात. वडील चावतात, ते बघून पोरगंही चावतं. त्याच हातानं कणकेची गोळी वळायची, त्याच हातानं शेंगदाणे खायचे.

आणि गोळ्या येतात कुठून? दुकानातून कमी. बऱ्याचशा घरी ओतलेल्या असतात. भंगारातून जुन्या बॅटरीचं शिसं आणायचं, टायरवाल्याकडची चाकं बॅलन्स करायची वजनं मागून आणायची. परड्यात तीन दगडांची चूल, त्यावर पत्र्याचा डबा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याला काही भट्टी लागत नाही. थोड्याच वेळात डब्यात पाऱ्यासारखी चकाकी येते आणि वर करडी मळी धरते. पळीनं मळी बाजूला काढायची, तिथेच जमिनीवर झटकायची, आणि विटेत कोरलेल्या साच्यात धार सोडायची. बघायला सुंदर असतं ते, खोटं कशाला बोलू. लहान पोरं गराडा घालून उभी असतात.

धूर दिसतो म्हणून लोक धुराला भितात. पण एवढ्या आचेवर वाफेपेक्षा ती झटकलेली मळी आणि तिची धूळ जास्त वाईट. ती परड्यातच राहते. कोंबड्या तिथेच टिपतात, रांगणारं मूल तिथेच हात टेकतं आणि हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं जिरतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात जिरू शकतं. शरीराला ते चुन्यासारखं, म्हणजे कॅल्शियमसारखं, वाटतं, म्हणून ते हाडांत नेऊन साठवलं जातं आणि दशकानुदशकं तिथे राहतं. मूल मुलगी असेल, तर पुढे ती आई होणार असते तेव्हा ते हाडांतून परत रक्तात येतं. ज्यांच्या अंगात लोह आणि कॅल्शियम आधीच कमी, त्यांच्यात ते जास्त शिरतं. मेंदूवर होणारा परिणाम पुन्हा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही.

२०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा अहवाल आला. रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असलेली मुलं जगात सुमारे ८० कोटी, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतात, असा त्यांचा अंदाज. याचं मोठं कारण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणं. गळाच्या गोळ्यांचा वाटा त्यात लहान असेल, पण वस्तू तीच, भंगार तेच, आणि परडंही आपल्यासारख्याच कोणाचं तरी.

६. शिसं खरोखरच चांगलं वजन आहे, हे मान्य केल्याशिवाय गळवाल्याशी बोलता येत नाही. छोट्याशा आकारात भरपूर वजन, त्यामुळे लांब जातं, तळ चटकन गाठतं. मऊ आहे, स्वस्त आहे, घरी ओतता येतं. हे सगळं नाकारून कोणी शिकवायला आला की काठावरचा माणूस त्याचं पुढचं ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावानं एकदा तिथल्या बारीक गोळ्यांची गोल डबी आणली होती. कथलाच्या गोळ्या. हातात घेतल्या तर मऊ, चीर तशीच, बोटानं दाबून बसतात. पण कथील शिशाच्या कितीतरी पट महाग. आपल्याकडच्या कल्हईवाल्यांना विचारा. टंगस्टन शिशाहून पुष्कळ जड, एका घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, शिसं ११.३. त्याची किंमत मात्र आपल्या हौसेच्या पलीकडची.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडे लोखंड आहे. ज्या गावात उद्यमनगर आहे, ज्याच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या रात्रंदिवस चालतात, तिथे वजनासाठी शिशामागे धावायचं कारण काय? लेथवर काम करणाऱ्या एका मित्राला सांगितलं. त्यानं दहा मिलिमीटर जाडीच्या सळीचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले, मधून आरपार भोक पाडलं आणि कडा घासून दिल्या, म्हणजे तंगूस कापला जाऊ नये. एक तुकडा साधारण १८ ग्रॅम भरतो. शिशाच्या तेवढ्याच वजनाच्या गोळीपेक्षा तो दीडपट जागा घेतो, वाऱ्याला थोडा कमी जातो. वाहत्या पाण्यात थोडा सरकतो. मरळीला आणि चिलापीला त्यानं काही फरक पडत नाही. तंगूस तुटला तर तो तुकडा हळूहळू गंजून जातो, आणि मला तेच हवं आहे. बंधाऱ्यावरची तरुण पोरं तर सरळ नट लावतात, गॅरेजमध्ये फेकलेले. "भावा, शिसं कशाला इकत घ्यायचं, नट हाय की," असं एकानं ऐकवलं. त्याच्या डोक्यात पर्यावरण नव्हतं, खिसा होता. चालेल.

७. काठावर पहारा ठेवून बंदी चालत नाही, ती दुकानाच्या काउंटरवर चालते. ब्रिटनच्या कायद्यानं विक्री थांबवली. प्रत्येक गळवाल्याची डबी तपासायला माणूस कुठून आणणार? आपल्याकडेही शिशाविरुद्धची जी पावलं टिकली ती अशीच. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभरातल्या पंपांवरून गेलं. गाडीवाल्याला कोणी उपदेश केला नाही, पंपावर ते मिळेनासं झालं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा २०१६ चा नियम रंगाच्या कारखान्यासाठी आहे.

बंदीच्या बरोबर पर्यायही हाताशी ठेवावा लागतो, हे कोल्हापुरानं गणपतीत शिकून घेतलं आहे. पंचगंगेत मूर्ती नको म्हणताना घाटावर काहिली आणून ठेवल्या, इराणी खणीची सोय केली, आणि लोक वळले. गुऱ्हाळातली काहील देवाच्या विसर्जनाला येईल, असं पूर्वी कोणाला वाटलं असतं? गळाच्या दुकानात शिशाच्या शेजारी लोखंडाची वजनं टांगलेली असली तर अर्धं काम तिथेच होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी कायदा लागतो. ब्रिटननं नुसती विनंती करून पाहिलीच होती.

८. हा नियम आधी आमच्यासारख्या हौशी माणसांवर यावा. हे मला एका तात्यांशी बोलताना पटलं. ते फेकजाळं टाकतात, मिळालेल्या मासळीवर घर चालतं. शिशाचा विषय काढल्यावर त्यांनी जाळ्याचा काठ माझ्या हातात दिला. ओळीनं शिशाचे मणी, एकाला एक लागून.

"पावणं, ह्यात दोन-तीन किलो शिसं हाय. काढून काय दगड बांधू? आन् नवं जाळं कोण देणार?"

"पण तात्या, तुमचं जाळं तुटून पाण्यात राहतं का?"

"आमी ऱ्हाऊ देतोय व्हय? मणी पडला तर बुडी मारून हुडकतो. ते तुमच्या गळवाल्यांचंच काम, तोडायचं आन् जायाचं."

त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. ज्याचं भांडवलच शिसं आहे तो ते जपतो. ज्याची हौस आहे तो तोडून मोकळा होतो. त्यामुळे जगातल्या या बंद्या मुख्यतः हौशी गळासाठी आहेत, ते मला न्यायाचं वाटतं. तात्यांच्या जाळ्याला हात लावायचा असेल तर सरकारनं आधी बदली मणी द्यावेत, मग नियम सांगावा. तोवर त्यांना आणि त्यांच्या नातवाला एवढंच सांगावं, की मणी तोंडात धरू नका, घरी शिसं ओतू नका, जाळं हाताळल्यावर जेवायच्या आधी साबणानं हात धुवा.

९. यासाठी फार मोठा कायदा लागेल असं मला वाटत नाही. १८९७ मध्ये भारतीय मत्स्य कायदा झाला. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारू नयेत, एवढी समज त्यात सव्वाशे वर्षांपूर्वी होती. जिलेटिन लावणाऱ्यांवर आजही त्याच समजुतीनं कारवाई होते. युरोपियन युनियनच्या रसायन संस्थेनं २०२१ मध्ये गळाच्या शिशाबद्दलचा आपला प्रस्ताव मांडला तेव्हा लहान वजनांना तीन वर्षं आणि मोठ्यांना पाच वर्षं मुदत सुचवली. एवढी मुदत आपल्या दुकानदारांनाही पुरेल, उद्यमनगरला तर त्याच्या निम्मीही पुष्कळ झाली.

तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जातात, त्या करारात हौशी गळवाल्यांसाठी एक ओळ घालता येईल. रंकाळा महापालिकेकडे आहे, तिथे काठावर एक फलक लावता येईल. आणि राज्य सरकारनं ५० ग्रॅमपर्यंतची गळाची शिशाची वजनं विकायची नाहीत, एवढा एक आदेश काढावा. माझ्या ओळखीच्या दुकानदाराशी मी हे बोललो. त्यानं लोखंडाचे ते तुकडे तराजूत टाकून पाहिले, भोकातून तंगूस ओवून पाहिला, आणि विचारलं, "शेकड्याला काय दर पडंल?" मित्राशी बोलून त्याला दर कळवायचा आहे.